अवजड गाडीचे व्हील नट बदलण्याआधी

जुना नट काढलात की आधी त्याची टेकायची बाजू बघा, माप नंतर. ती सपाट असून नटाला फिरता वॉशर जोडलेला असेल, तर चाक हबच्या (चाक ज्यावर बसवतात त्या फिरत्या मध्यभागाच्या) मधल्या कड्यावर बसतं आणि नट फक्त आवळून धरतो. निमुळती किंवा गोलसर असेल, तर चाक मध्यावर आणायचं कामही नटच करतो. हे प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. निमुळत्या भोकावर सपाट नट नुसता काठावर टेकतो, चाक सरकत राहतं आणि स्टड (नट ज्यावर चढतो तो हबमधला आट्यांचा दांडा) वाकून-वाकून तुटतो. निमुळता आणि गोलसर यांतही गल्लत नको. म्हणून नट एकटा तपासू नका, रिमचं भोक शेजारी ठेवून जोडी जुळवा. रिम बदलली असेल तर जुन्या नटावर विसंबूच नका.

आता आटे. एम २२ × १.५ (२२ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) हे माप अवजड गाड्यांत सर्रास आढळतं, पण जुन्या गाड्यांत पाऊण इंच किंवा सात-अष्टमांश इंचाचे स्टडही असतात. सात-अष्टमांश म्हणजे २२.२ मिलिमीटर, डोळ्याला फरक कळणार नाही, नुसत्या कॅलिपरनेही फसायला होतं. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी, लावा. नवा नट स्वच्छ स्टडवर बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अडला तर थांबा, इम्पॅक्ट गनने रेटू नका. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात; स्टडच्या टोकावर एल किंवा आर कोरलेलं आहे का ते पुसून बघा.

नटावर ग्रेडचा, म्हणजे मजबुतीच्या दर्जाचा, शिक्का हवा. १०.९ ग्रेडच्या स्टडला १० ग्रेडचा नट लागतो. शिक्काच नसेल तर कितीही चकचकीत असो, घेऊ नका. वॉशर नटावर मोकळा फिरावा, पण निसटू नये. तो जाम झाला की टॉर्क पाना (ठरवलेला पिळाचा जोर लागला की आवाज करणारा) 'कट्ट' वाजतो, पण चाक मात्र पुरेसं आवळलेलं नसतं. एरवीही लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला मिळतो, बाकीचा घर्षण खाऊन टाकतं. गंजलेल्या आट्यांत तोही कमी होतो. तेल लावायचं की नट कोरडा ठेवायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. दोन्ही पद्धती आहेत आणि चुकीची वापरली तर टॉर्कच्या, म्हणजे पिळाच्या जोराच्या, आकड्याला अर्थ राहत नाही.

लोखंडी रिम काढून अॅल्युमिनियमची बसवणार असाल तर स्टडची लांबी पुरते का ते मोजा, कारण अॅल्युमिनियमच्या रिमची डिस्क (स्टडची भोकं असलेला मधला भाग) जाड असते. आवळल्यावर स्टडचं टोक नटाबाहेर दिसावं. झाकण असलेल्या नटात ते दिसत नाही, त्यामुळे मला ते फारसे आवडत नाहीत.

स्टड तुटला असेल तर शेजारचे दोन्हीही बदला, कारण त्याचा भार त्यांनीच सोसलेला असतो. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या चाकाचे सगळेच. टेकायच्या जागेवरचा गंज आणि रंगाचे जाड थर खरवडून काढा. रंग दबला की नट आपोआप सैल होतो.

टॉर्क पाना तपासून घेतलेला असावा. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा. तोवर पाना गाडीतच राहू द्या.