घरी बांधलेल्या गाडीला इंजिनाचं फाउंडेशन कसं करावं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेली दोन वर्षं मी आणि माझा पुतण्या मिळून दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. आकार लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, चासी (गाडीचा सांगाडा) २५ मिमी चौकोनी पाइपची, इंजिन-गिअरबॉक्स मारुती जिप्सीचे. टाइप ॲप्रूव्हलशिवाय, म्हणजे मॉडेलला सरकारमान्य चाचणीची मंजुरी असल्याशिवाय, अशा गाडीची नोंदणी होत नाही, म्हणून ती रस्त्यावर येणार नाही. आमच्याच माळावर पळवायची, एवढाच बेत. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते इंजिनाच्या माउंटिंगांनी, म्हणजे इंजिन चासीवर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेट आणि रबरांनी. गॅरेजात आपण त्याला फाउंडेशन म्हणतो. फाउंडेशनांची पहिली जोडी माझी तुटली. दुसरी टिकलीय, ती कशी केली ते सांगतो.

फाउंडेशन सगळ्यात शेवटी करायचं. आधी इंजिन कुठे बसणार ते पक्कं करा आणि मगच प्लेट कापा. आम्ही रिकामा ब्लॉक, संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि गिअरबॉक्स जोडून चेन ब्लॉकला टांगला, खाली सागाचे ठोकळे आणि उंची कमीजास्त करायला चार आटेवाले स्टड दिले. चासीच्या मधोमध दोरी ताणली आणि पुलीच्या मध्यावरून ओळंबा सोडला. मग स्टीअरिंगचा रॉड, पेडल, रेडिएटर, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, बॉनेट, सगळं एकेक करून जागेवर धरून पाहिलं. संप चासीच्या सगळ्यात खालच्या पाइपच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर पहिल्या दगडाला ऑइल जमिनीवर. इंजिन मी दोरीपासून २५ मिमी डावीकडे सरकवलं. उजवीकडे चालक बसतो, त्याच्या पायांना जागा मिळते आणि वजनही थोडं तोललं जातं.

याच वेळी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलला नेणाऱ्या शाफ्टचे, कोन बघून घ्या. गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेघ आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेघ एकमेकींना समांतर हवी. दोन्ही टोकांच्या क्रॉसला (युनिव्हर्सल जॉइंटला) एक ते तीन अंशांचा कोन असावा. शून्य कोन ठेवला तर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोकत राहतात आणि तिथे खाचा पडतात.

आता हिशेब. हा मी पहिल्या वेळी केलाच नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स माझ्या काट्यावर १२८ किलो भरले. पुढे दोन फाउंडेशन, मागे गिअरबॉक्सखाली एक. म्हणजे प्रत्येकी साधारण ४३ किलो, असं धरून मी मोकळा झालो होतो. पण फाउंडेशनचं खरं काम गाडी ओढायला लागली की सुरू होतं. एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) जिप्सीचं इंजिन १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि पहिला गिअर सुमारे ३.६५ चा आहे. दोन्हींचा गुणाकार ३७६ न्यूटन-मीटर. तेवढ्या जोराने शाफ्ट फिरतो, आणि तेवढ्याच जोराने इंजिन स्वतः उलट्या बाजूला लवंडू पाहतं. पुढच्या दोन फाउंडेशनांमधलं अंतर माझ्याकडे ४४० मिमी होतं. ३७६ ला ०.४४ ने भागलं की सुमारे ८५५ न्यूटन येतात, म्हणजे ८७ किलो. क्लच झटक्यात सोडला तर याच्या दुप्पट धरा.

हे ८७ किलो एका बाजूला खाली दाबतात आणि दुसऱ्या बाजूला वर उचलतात. कुठल्या बाजूला? क्रँक पुढून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. म्हणून सीटवरून पाहताना इंजिन उजवीकडे कलतं: उजवं फाउंडेशन दाबलं जातं, डावं उचललं जातं. डावीकडे ४३ किलो वजन खाली आणि झटक्याला पावणेदोनशे किलो वर. हिशेबात तिथे १३० किलोची निव्वळ ओढ उरते. माझं डावंच तुटलं.

ते असं झालं. 'जाड म्हणजे मजबूत' या समजाने मी ८ मिमीची प्लेट थेट २ मिमी भिंतीच्या पाइपवर, पाइपच्या मधोमध, आडवी वेल्ड केली होती. चौथ्या दिवशी माळावर चढ चढताना खाट्‌ आवाज आला. पुतण्या म्हणाला, "काका, बंद करा, काहीतरी हललं." बघतो तर फॅन रेडिएटरला लागला होता. वेल्ड शाबूत होता, वेल्डच्या कडेचा पाइपच फाटला होता. जाड प्लेट वाकत नाही, तेव्हा सगळा ताण त्या पातळ भिंतीच्या एका रेषेवर येतो.

म्हणून दुसऱ्या वेळी ब्रॅकेट ४ मिमी प्लेटचा, दोन बाजूंना गसेट (आधाराच्या तिकोनी पट्ट्या) देऊन उघड्या पेटीसारखा केला. आधी पुठ्ठ्याचा कापून जागेवर बसवला आणि तीन पुठ्ठे फुकट गेल्यावर मगच प्लेटवर रेघा मारल्या. जागाही बदलली: तिरका पाइप येऊन मिळतो त्या सांध्यावर आणला. ब्रॅकेट आणि पाइप यांच्यामध्ये ३ मिमीची पॅड प्लेट, पाइपच्या दोन बाजूंवर वळवून, कोपरे गोल करून. मुख्य वेल्ड पाइपच्या लांबीने घ्या, आडवा वेल्ड शक्यतो टाळा. इंजिनाकडचे ब्रॅकेट मात्र जिप्सीचेच ठेवले. ब्लॉकवरची भोकं कंपनीने ज्या कामासाठी दिलीत त्याच कामाला वापरावीत.

रबर निवडताना दोन गोष्टी पाहा. पहिली, रबर फाटलं तरी इंजिन सुटता कामा नये. नुसतं दोन चकत्यांमध्ये चिकटवलेलं रबर ओढीत टिकत नाही, म्हणून डाव्या बाजूला मी मधून बोल्ट जाणारा बुश घेतला. दुसरी गोष्ट रबर किती दबतं ही. चार सिलिंडरचं इंजिन ८५० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला सुमारे २८ धक्के देतं. इंजिनाच्या वजनाने रबर २ मिमी दबत असेल तर त्याची स्वतःची लय सेकंदाला ११ च्या आसपास येते. दोन्हींत पुरेसं अंतर राहतं आणि गाडी उभ्याने थरथरत नाही. व्हर्नियरने रबराची उंची वजनाआधी आणि वजनानंतर मोजा. अर्धा मिमीच दबत असेल तर ते रबर फार कडक आहे. आयडलला आरसा थरथरेल.

टॅक (ब्रॅकेट जागेवर धरायला वेल्डिंगचे ठिपके) मारताना रबर जागेवर ठेवू नका, जळतं. मी रबराऐवजी लोखंडी बुश वळवून घेतले, रबराच्या मूळ उंचीपेक्षा २ मिमी कमी. त्यामुळे नंतर रबर दबल्यावर इंजिन ठरलेल्याच उंचीवर बसलं. सीओटू वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्या ब्रॅकेटलाच लावा, इंजिनाला नको. करंट बेअरिंगांतून जाता कामा नये. बॅटरी काढा, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट सोडा. बोल्ट ८.८ ग्रेडचे, एम-१०, नायलॉक नट, ४५ न्यूटन-मीटर.

एक वायर लोक विसरतात. रबरामुळे इंजिन चासीपासून विजेच्या दृष्टीने सुटं होतं. इंजिन ते चासी जाड अर्थ केबल दिली नाही तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. मॅनिफोल्डच्या बाजूच्या रबरासमोर १ मिमी पत्र्याचा आडोसाही द्या, मध्ये १० मिमी हवा सोडून.

पहिल्यांदा चालवण्याआधी पुढची चाकं भिंतीला टेकवा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू अर्ध्यावर आणा. एकाने बाजूला उभं राहून इंजिनाचं हलणं पाहायचं. गाडीच्या समोर कुणीही नको. आमचं वरच्या टोकाला १० मिमी हललं. फॅन आणि रेडिएटरमध्ये २५ मिमी ठेवलंय, तेवढं पुरतं.

५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. वेल्ड तपासायला आमच्या वडिलांची पद्धत अजून चांगली: जागा घासून स्वच्छ करायची, रॉकेल लावून दहा मिनिटं थांबायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, वरून खडू चोळायचा आणि हातोडीने हलके ठोके द्यायचे. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटते. माझ्या पहिल्या ब्रॅकेटच्या उजव्या जोडीदारावर, जो वरून ठणठणीत दिसत होता, अशीच १२ मिमीची रेघ निघाली होती. नव्या दोन्हींवर २०० किलोमीटरनंतर खडू चोळला. पुतण्याने टॉर्च धरून दोनदा पाहिलं, खडू कोरडाच राहिला. पुढची तपासणी ५०० ला.