स्पिक्यूलचं चुंबकीय क्षेत्र मोजायचंय?

एम.एस्सी.नंतर सौरभौतिकीत येणारे बरेच जण हवाईतल्या डॅनियल इनोये दुर्बिणीची चित्रं पाहून भारावलेले असतात. मीही तसाच आलो. पण स्पिक्यूलचं, म्हणजे सूर्यावर उसळणाऱ्या वायूच्या बारीक फवाऱ्यांचं, चुंबकीय क्षेत्र मोजताना दिवसभर समोर असतात ते चार आलेख: प्रकाशाची तीव्रता आणि ध्रुवीकरण सांगणारे स्टोक्सचे आय, क्यू, यू आणि व्ही.

सौरडागांचं काम त्यातल्या त्यात सोपं. तिथे क्षेत्र 2000-3000 गॉसचं, त्यामुळे झीमन परिणामाने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषेचे भाग पडण्याने, लोहाची 6302 आँगस्ट्रॉमची रेषा उघड फाटलेली दिसते. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेलने 1908 मध्ये डागांतलं क्षेत्र याच परिणामावरून ओळखलं. खरी कसोटी क्रोमोस्फिअरमधल्या, म्हणजे दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या वरच्या थरातल्या, बारीक तंतूंची. सूर्याच्या कडेवर उभ्या राहणाऱ्या स्पिक्यूलमध्ये क्षेत्र काही दहा गॉस असतं आणि रेषा इतकी रुंद, की फाटणं तिच्यातच विरून जातं. उरतं ते ध्रुवीकरण. व्हीमध्ये एक उंचवटा, एक खळगा. त्यावरून आपल्या दिशेचं क्षेत्र कळतं. आडव्या क्षेत्रासाठी हेलियमच्या 10830 आँगस्ट्रॉम रेषेतला हॅन्ले परिणाम, म्हणजे क्षेत्रामुळे विखुरलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलणं, कामी येतो.

ध्रुवीकरणाचा हा संकेत एकूण प्रकाशाच्या हजारात एक भाग किंवा त्याहून कमी. हजारात एक इतकी अचूकता हवी तर किमान दहा लाख फोटॉन गोळा करावे लागतात, दहा हजारात एक हवी तर दहा कोटी. तेवढा वेळ थांबावं, तर सेकंदाला 50 किलोमीटरने निघालेला स्पिक्यूल 10 सेकंदांत 500 किलोमीटर वर गेलेला असतो. इनोयेचा चार मीटरचा आरसा असूनही ही ओढाताण सुटत नाही, आणि मला या विषयाचं खरं आकर्षण इथेच वाटतं.

सुरुवात जपानच्या हिनोदे सौर उपग्रहाच्या मोफत डेटाने करा. आधी वर्णपटाचा रेषेबाहेरचा, ध्रुवीकरण नसलेला सपाट भाग घ्या आणि तिथला चढउतार मोजा. हा तुमचा नॉईज. त्याच्या तिपटीहून कमी संकेतावर नकाशा रंगवू नका. पुढे हॅझेलसारख्या कोडने इन्व्हर्जन कराल, म्हणजे मोजलेल्या आलेखांवरून उलट क्षेत्र काढाल, तेव्हा निरनिराळ्या सुरुवातीच्या अंदाजांपासून चालवा. हॅन्लेमध्ये एकाच प्रोफाइलला क्षेत्राच्या दोन-तीन दिशा सहज बसतात.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने आदित्य-एल1 या भारतीय सौरयानासाठी बनवलेली सूट (SUIT) दुर्बीण अतिनील प्रतिमा घेते, चुंबकीय क्षेत्र मोजत नाही. ध्रुवीकरणच शिकायचं असेल तर उदयपूरच्या फतेहसागर तलावातली सौर वेधशाळा किंवा बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था गाठा. त्याआधी क्वांटम मेकॅनिक्समधलं कोनीय संवेगाचं प्रकरण पक्कं करून या.