जुन्या पल्सरची आवृत्ती ओळखल्याशिवाय सुटे भाग घेऊ नका: या चुका टाळा

परभणीतील सुट्या भागांच्या एका दुकानात मी ‘पल्सर दीडशेचा ब्लॉक-पिस्टन दाखवा’ असे म्हणालो आणि माझ्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, चांगला असल्यामुळे त्यातला फक्त पिस्टन-रिंगचा संच घेऊन आलो. माझी गाडी डिजिटल मीटरची, २०१० च्या पासिंगची आहे, हे दुकानदाराने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मिस्त्रींनी नवा पिस्टन ब्लॉकमध्ये सोडला, तेव्हा तो बाटलीतल्या गोटीसारखा खुळखुळला. त्यांनी पिस्टनच्या माथ्याकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाले, “भाऊ, हा सत्तावन्नचा आहे.”

पल्सर २००१ मध्ये आली, तेव्हा १५० म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीच्या सिलिंडरचा बोर (आतला व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी) ५६.४ मिमी होता. त्यावरून हिशेब केला तर क्षमता १४३.९ सीसी भरते. पुढे स्ट्रोक तोच ठेवून बोर ५८ मिमी करण्यात आला आणि क्षमता १४९.०१ सीसी झाली. टाकीवर आकडा मात्र दोन्ही वेळा १५० च होता. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच जागा ठेवायची असते, तिथे एक मिलिमीटरची फट पडणे म्हणजे तो भाग निरुपयोगी ठरणे होय. त्यातच आधीच्या मालकाने बोरिंग करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) घेतले असेल, तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइजचा, म्हणजे तेवढ्या मोठ्या पिस्टनचा, प्रश्नही येतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी जुना पिस्टन काढून त्याच्या माथ्यावरचा आकडा वाचावा, आणि तो झिजून पुसला असेल तर लेथवाल्याकडून बोर मोजून घ्यावा. १८० ची गाडी असेल तर गोंधळ कमी होतो, कारण तिचा बोर ६३.५ मिमी आहे आणि तो पिस्टन डोळ्यांनाही वेगळा दिसतो.

पासिंगच्या सालावर विसंबणे ही दुसरी चूक आहे. शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी पुढच्या वर्षी पास होते, त्यामुळे आर.सी. बुकातील नोंदणीचा दिनांक न पाहता निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. तेही पुरेसे नसते. एमएच २० पासून एमएच २६ पर्यंतच्या आपल्या मराठवाड्यातल्या पासिंगच्या जुन्या पल्सर मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि एका गाडीवर दुसऱ्या आवृत्तीचा पुढचा भाग बसवलेला असणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला पल्सर बनवणाऱ्या बजाजचा कारखाना असल्यामुळे असेल, पण पल्सरमधले आपल्याला सगळे कळते असा समज आपल्याकडे घरोघरी असतो, आणि या गोंधळात त्याचाही वाटा आहे.

बाहेरून ओळखायची झाल्यास खुणा अशा आहेत. गोल हेडलाइट, तारांची १८ इंची चाके आणि एकच स्पार्क प्लग असलेली गाडी पहिली. २००३ मध्ये दोन प्लगचे डीटीएस-आय इंजिन आणि हेडलाइटभोवतीचे छोटे फेअरिंग आले. त्यानंतरच्या बदलांत १७ इंची अलॉय चाके, मागे गॅसचे शॉकअप आणि सायलेन्सरच्या पाइपवर एक छोटा डबा असलेली एक्झॉसटेक रचना आली. २००६ च्या सुमारास डिजिटल मीटर आणि एलईडी टेललाइट आले. २००९ मध्ये १८० ला रुंद टायर आणि दोन भागांची सीट मिळाली.

दोन प्लगच्या गाडीतला लपलेला दोष

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते. एका प्लगच्या गाडीत प्लग गेला की गाडी बंद पडते आणि मालक लगेच जागा होतो. डीटीएस-आयमध्ये एक प्लग, त्याची कॅप किंवा कॉइल निकामी झाली तरी गाडी दुसऱ्या प्लगवर चालत राहते. ओढ कमी होते, ॲव्हरेज घसरते, थंडीच्या सकाळी गाडी उशिरा सुरू होते, आणि मग कार्बोरेटर धुणे, क्लच प्लेटा बदलणे, पेट्रोलला दोष देणे असा खर्चाचा क्रम सुरू होतो. मिस्त्रीही घाईत असेल तर हाताला सहज लागणारा प्लग बदलतो आणि खोलगट जागेतला, लांब पान्याशिवाय न निघणारा दुसरा प्लग तसाच राहतो. त्या खोबणीत पाणी आणि धूळ साचते हे वेगळेच.

तपासणी मात्र दहा मिनिटांची आहे. इंजिन बंद असताना एका प्लगची कॅप काढावी, त्या कॅपमध्ये एक जादा प्लग बसवून त्याचे लोखंड इंजिनाच्या धातूला नीट टेकवून ठेवावे, आणि मग गाडी सुरू करून पाहावी. सुरू झाली, तर आत जोडलेला प्लग काम करतो आहे. नंतर हीच कृती दुसऱ्या बाजूने करावी. कॅप नुसती मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नये, त्याने कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागावर) ताण येतो.

पहिल्या, एका प्लगच्या इंजिनावर डीटीएस-आयचा हेड चढवून गाडी ‘अपग्रेड’ करण्याचा बेतही असाच महागात पडतो, कारण त्यासोबत सीडीआय, कॉइल आणि वायरिंगही बदलावे लागते.

चाके, मीटर आणि हेडलाइट

१८ इंची चाकांच्या गाडीला १७ इंची अलॉय बसवली की गाडी देखणी दिसते, पण तेवढ्याच जाडीच्या टायरसह चाकाचा घेर सुमारे ४ टक्के कमी होतो. केबलचा मीटर तोच राहिला तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग आणि जास्त किलोमीटर दाखवतो, आणि ॲव्हरेज वाढल्याचा खोटा आनंद होतो. डिजिटल मीटर जुन्या गाडीवर बसवू नये. त्याला केबल नव्हे, चाकाजवळचा सेन्सर लागतो.

सुरुवातीच्या पल्सरमध्ये हेडलाइटची वीज बॅटरीतून न येता मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून येते, म्हणून फाट्यावर गाडी उभी राहिली की प्रकाश मंदावतो आणि रेस दिली की वाढतो. हा दोष नसून तिची रचनाच तशी आहे, आणि नवी बॅटरी टाकून त्यात काही फरक पडत नाही.

पल्सर २२० घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तिथे क्रम उलटा आहे: २००७ ची पहिली डीटीएस-एफआय गाडी इंजेक्शनची, तर २००९ ची नंतरची गाडी कार्बोरेटरची. नवे ते इंजेक्शनचेच असणार, असे गृहीत धरून भाग मागवू नयेत. इंजेक्शनची जुनी गाडी घेत असाल, तर चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा क्षणभर येणारा घुईं आवाज कान देऊन ऐकावा. तो आला नाही, तर पंपापर्यंत वीज पोहोचते की नाही ते आधी मीटरने तपासून घ्यावे आणि मगच किमतीची गोष्ट काढावी.