हेडफोन घेताना या चुका टाळा: खोकं वाचू नका, आपलं गाणं लावा

‘दोन हजारांत चांगला हेडफोन कोणता?’ या प्रश्नाला नुसतं नाव सांगून उत्तर देता येत नाही. तुम्ही ऐकता काय, कुठे आणि कशावरून, हे न विचारता हेडफोन सुचवणं म्हणजे पेशंट न बघता गोळ्या लिहून देणं. विरारहून चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणारा आणि रात्री घर झोपल्यावर निवांत ख्याल लावून बसणारा, दोघांच्या खिशात पैसे सारखे असले तरी त्यांना लागणारी वस्तू वेगळी असते.

पण खरेदी होते कशी? ॲप उघडायचं, किमतीची पट्टी सरकवायची, चार तारे दिसले की मागवायचं. आठवड्याभरात सुरू होतं, ‘आवाज घुमतो’, ‘गायक मागे जातो’, ‘कान दुखतात’. यातल्या निम्म्या तक्रारी हेडफोनच्या नसतातच, चुकीच्या निवडीच्या किंवा चुकीच्या वापराच्या असतात.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणं

‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेलं असतं. ती तर माणसाच्या कानाचीच मर्यादा झाली. त्या पट्ट्यात कुठला स्वर उठून येतो आणि कुठला दबतो, यावर सगळा खेळ असतो आणि नेमकं तेच खोक्यावर नसतं. ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या चिमुकल्या स्पीकरच्या, आकाराचंही तसंच. १३ मिलिमीटरचा ड्रायव्हर १० मिलिमीटरच्या ड्रायव्हरपेक्षा चांगला वाजेलच असं नाही. कारखान्यात त्याचं ट्यूनिंग कसं केलंय, यावर ते ठरतं.

सर्वात जास्त लोक फसतात ते ‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’ या दोन अक्षरजोड्यांत. एएनसी तुमच्या कानाला येणारा बाहेरचा गोंगाट कमी करतं. ईएनसी तुमच्या माइकमधून पलीकडच्या माणसाकडे जाणारा गोंगाट कमी करतं. म्हणजे ईएनसीचा फायदा फोनवर तुमच्याशी बोलणाऱ्याला, गाणं ऐकताना तुम्हाला काहीच नाही. हजार रुपयांच्या बड्सच्या जाहिरातीत ‘नॉइज कॅन्सलेशन’ मोठ्या अक्षरात आणि ‘ईएनसी’ बारीक अक्षरात असेल तर समजून जा.

खोडलेली एमआरपी हा तिसरा सापळा. ४,९९० वर काट मारून १,१९९ लिहिलं की चार हजार वाचल्यासारखं वाटतं. वस्तू मुळात बाराशेचीच असते. आणि महाग म्हणजे चांगला हेही खरं नाही. जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात किंमत आणि स्वरांचा समतोल यांचा काही संबंध आढळला नाही. जादा पैसे बहुधा बांधणी, सोयी, आराम आणि नाव यांचे असतात. त्यातलं काय हवंय ते ठरवून पैसे द्यायला हरकत नाही.

‘बेस भारी आहे’ एवढ्यावर घेणं

कमी किमतीतले बहुतेक बड्स आणि नेकबँड असे ट्यून केलेले असतात की खालचा बेस फुगवलेला, वरची धार चढवलेली आणि मधला भाग बसलेला. दुकानात वीस सेकंद ऐकलं की झकास वाटतं. डीजेचे रिमिक्स, हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला ते चालतं, आवडतंही, आणि त्यात गैर काही नाही.

गडबड होते ती आपल्याकडच्या पुष्कळशा संगीताची, कारण त्याचा जीव मधल्या भागात आहे. गायकाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी, व्हायोलिन, सगळं तिथेच. मधला भाग बसला की भावगीतातले शब्द तबल्याच्या मागे जातात.

डग्ग्याकडे लक्ष द्या. वाजवणारा तळहात दाबून पुढे सरकवतो तेव्हा ‘गे’चा घुमारा खालून वर चढत जातो. चांगल्या हेडफोनवर ही चढण स्पष्ट ऐकू येते. फुगवलेल्या बेसवर मात्र डग्ग्याचा प्रत्येक आघात एकाच मापाचा ‘धब्ब’ होतो आणि ठेका एकसुरी वाटू लागतो. वरच्या टोकाची परीक्षा अभंगात होते. टाळ चालू झाले की धार चढवलेल्या हेडफोनवर ते कानात टोचतात, आणि गायकाचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखा निघतो. दोन अभंगांनंतर हेडफोन काढावासा वाटला तर वय झालं असं समजू नका. तो ट्यूनिंगचा दोष आहे. उलट, वरचा भाग अगदीच मारलेला असेल तर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, हरवते आणि मागे नुसती घुंघुं उरते.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्यांनी तर आणखी सांभाळावं. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेली नाट्यगीतं मोनो असतात, त्यात खरखर असते आणि खोल बेस जवळपास नसतोच. नसलेला बेस हेडफोन कुठून आणणार? आणि वरची धार चढवलेली असेल तर ती फक्त खरखर वाढवते. अशा गाण्यांना सौम्य, मधल्या भागाला न्याय देणारा हेडफोन लागतो. आणि फोनमधलं ‘स्पेशियल’, ‘थ्रीडी’, ‘अ‍ॅटमॉस’ जे काही चालू असेल ते आधी बंद करा. मोनो मुद्रणावर ते लावलं की गायक विहिरीत उतरून गातोय असं वाटतं.

ट्रायल घेताना दुकानदाराचं डेमो गाणं ऐकू नका, ते वस्तू विकण्यासाठीच निवडलेलं असतं. तुम्ही शेकडो वेळा ऐकलेली तीन मुद्रणं फोनमध्ये उतरवून न्या. एक नुसत्या आवाजाचं आणि तानपुऱ्याचं, एक भरगच्च वाद्यवृंदाचं, एक टाळ-ढोलकीचं. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि या एका गोष्टीमुळे भलतीच वस्तू घरी येते.

कुठे ऐकणार याचा विचार न करणं

पाठीमागून उघडे असलेले ‘ओपन बॅक’ हेडफोन मोकळे, ऐसपैस वाजतात. शास्त्रीय संगीत घरी बसून ऐकणाऱ्याला यापरतं सुख नाही. सेन्हायजरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा ओपन बॅक आजही बनतो आणि विकला जातो, यातच काय ते आलं. पण त्यातून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. लोकलमध्ये तो निरुपयोगी, आणि एकाच खोलीत कुणी झोपलेलं असेल तर भांडणाला निमित्त.

प्रवासासाठी कान बंद करणारी वस्तू हवी. एएनसी इंजिनाची घरघर, एसीचा आवाज, विमानातली गुंई असे सलग, खालच्या पट्टीचे आवाज छान मारतं. शेजारच्या सीटवरच्या मावशींचं फोनवरचं बोलणं मात्र पूर्ण थांबत नाही, आणि ते ऐकू आलं म्हणून एएनसी बिघडलंय असं होत नाही. रस्त्यावर चालताना आणि रूळ ओलांडताना एएनसी बंदच ठेवायचं.

दमट हवेचंही बघा. मुंबईत आणि कोकणात नकली चामड्याच्या गाद्या घामाने सोलवटतात आणि काळे पोपडे गालाला चिकटतात. गादी बदलता येते का आणि सुटी मिळते का, हे घेण्याआधीच तपासा. झिजलेल्या गादीने आवाजही बदलतो, बेस सर्वात आधी जातो.

बूच नीट न बसवणं

कानात घालायच्या इअरफोनसोबत रबराच्या तीन मापांच्या टिप्स येतात. लावलेल्या मधल्या मापावरच बहुतेकांचा संसार चालतो आणि बाकीच्या खोक्यासकट माळ्यावर जातात. कानाचं भोक नीट बंद झालं नाही की बेस गळून जातो आणि आवाज पत्र्यासारखा लागतो. ‘बेसच नाही हो याला’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं काम एक माप मोठी टिप लावून होतं. दोन कान वेगवेगळ्या मापाचे असू शकतात, तेव्हा डाव्याला एक आणि उजव्याला दुसरी टिप लावली तरी चालतं.

वायर म्हणजे जुनाट समजणं

पंधराशे-दोन हजारांत निव्वळ आवाज हवा असेल तर माझं मत सरळ आहे, वायरचा इअरफोन घ्या. तेवढ्याच पैशांत ब्लूटूथवाल्याला बॅटरी, चिप, माइक, चार्जिंगची डबी असं सगळं बसवायचं असतं, मग आवाजासाठी उरतं किती? त्यात बड्सची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि सहसा बदलताही येत नाही. सुटी होणारी वायर असलेला इअरफोन घेतला तर वायर तुटली तरी नवी वायर लावून तो पुढे चालतो.

रियाज करणाऱ्यांनी तर ब्लूटूथच्या वाटेला जाऊच नये. आवाज कानात पोचायला एक-दोन दशांश सेकंदाचा उशीर होतो. ॲपमधल्या तबल्यावर गाताना तुम्ही समेवर आलात असं तुम्हाला वाटतं, पण मुद्रण ऐकलं की सम निसटलेली असते. दोष लयीचा नसतो.

ब्लूटूथ घ्यायचंच असेल तर फोनकडे बघून घ्या. एलडीएसी हा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत) सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो म्हणून त्याचे जादा पैसे मोजायचे आणि वापरायचा आयफोनवर, याला अर्थ नाही. आयफोन फक्त एएसी आणि एसबीसी हे कोडेक चालवतो.

स्टुडिओतले हेडफोन घेताना उलटी चूक होते. एचडी ६०० चा अवरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळत आला आहे, आणि ऑफर दिसली म्हणून २५० चा घेऊन फोनला लावणारे असतात. मग आवाज पूर्ण वाढवूनही मरगळलेला. फोनवर किंवा लॅपटॉपवर थेट लावायचा तर १६ ते ४० ओहमच्या आसपास राहा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स ३५ ओहमचा आहे, तो सहज चालतो. त्यापुढचं घ्यायचं तर बजेटमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचेही पैसे धरा.

परत करण्याआधी एवढं बघा

संगीत ऐकू येतंय पण गायक गायब, किंवा लांबून हाक मारल्यासारखा? जॅक पूर्ण आत गेलेला नाही, किंवा पिनचं अर्थिंग तुटलंय. दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं तेव्हा एकमेकांना खोडतं आणि गायकाचा आवाज नेमका मधोमध असतो म्हणून तोच जातो. कव्हर जाड असेल तर काढून पिन दाबा. फोनच्या भोकात खिशातला कापूस साचलेला असतो, तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा.

एका बाजूचा आवाज कमी येतो तेव्हा आधी जाळीवरचा मळ बघा, टिप काढून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, जाळी खालच्या बाजूला धरून. तरीही तसंच असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे ना ते तपासा. मुलांच्या हातात फोन गेला असेल तर हे हमखास.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली आणि गाणं एकदम जुन्या लँडलाइनसारखं वाजू लागलं, तर ब्लूटूथ माइकच्या मोडमध्ये गेलंय. माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, हेडफोनचा आवाज परत भरीव होतो.

अँड्रॉइडवर ब्लूटूथचा आवाज फारच कमी येत असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ हा खटका आहे, तो बदलून हेडफोन पुन्हा जोडून बघा. आवाज पूर्ण चढवून ऐकायची सवय असेल तर ती मात्र हेडफोन बदलून जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. गोंगाटात आवाज वाढवण्यापेक्षा कान नीट बंद करणारी टिप शोधलेली बरी.

वायरचा हेडफोन जोडायला टाइप-सी कनेक्टर लावूनही फोन गप्प असेल तर कनेक्टर खराब असेलच असं नाही. काही फोन त्या भोकातून ॲनालॉग आवाज देतच नाहीत, त्यांना आत डॅक (डिजिटल संकेताचं ॲनालॉग आवाजात रूपांतर करणारी चिप) असलेला कनेक्टर लागतो. घेताना ‘डॅक आहे का’ एवढं विचारा आणि दुकानातच आपल्या फोनला लावून बघा.

वायर फक्त पिनपाशी तुटली असेल तर हेडफोन टाकू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत नवी पिन डाख देऊन बसवून देणारे सापडतात. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी बिल शोधा. बाहेर उघडलेल्या वस्तूला कंपनी सहसा हात लावत नाही.