बाहेरून आलेला कोड कसा हाताळावा: ओपन सोर्सवर धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी

कंपनीने आपलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स केलं, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला केला, की आज ना उद्या अनोळखी माणसाची पुल रिक्वेस्ट (‘माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) येतेच. त्याने स्वतःचा वेळ घालून, तुमचा कोड वाचून काहीतरी दुरुस्त केलेलं असतं. इथेच छोट्या कंपन्यांची तारांबळ उडते. हे घ्यायचं की नाही, ते कोण ठरवणार? या कोडवर हक्क कुणाचा? उद्या हेच आपण विकलं तर त्याला चालेल का? ही उत्तरं रिक्वेस्ट यायच्या आधीच लिहून ठेवलेली हवीत. समोरच्याने कीबोर्डला हात लावण्यापूर्वी त्याला ती वाचता आली पाहिजेत.

१. फुकट काय आणि विकत काय, ते आधी ठरवा

तुमची कमाई फक्त होस्टिंग आणि सपोर्टवर असेल तर हा प्रश्न सोपा आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर अख्खंच खुलं आहे, त्यामुळे ‘हे आमच्या पेड आवृत्तीत आहे’ असं कुणाला सांगायची वेळ येत नाही. पण मूळ कोड खुला आणि काही सुविधा पैसे भरून, असं मॉडेल असेल तर एक दिवस कुणीतरी नेमकी तुम्ही विकता तीच सुविधा, म्हणजे सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) किंवा ऑडिट लॉग (कुणी काय केलं याची नोंद), लिहून पाठवणार हे धरून चाला.

तेव्हा काय करणार, ते जाहीर लिहा. कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबने अशी वचनं उघडपणे लिहून ठेवली आहेत; एकदा खुल्या आवृत्तीत आलेली सुविधा नंतर पेडमध्ये हलवणार नाही, हे त्यातलं एक. तुमचा नियम वेगळा असला तरी हरकत नाही. पण मनातलं कारण धंद्याचं आणि तोंडावर मात्र ‘कोडचा दर्जा बरोबर नाही’, असं करू नका. लोकांना ते लगेच कळतं आणि ते विसरत नाहीत.

२. हक्कांचा कागद

यात दोन वाटा आहेत. पहिली डीसीओची (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन). एससीओ कंपनीने २००३ मध्ये लिनक्सवरून आयबीएमला कोर्टात खेचल्यानंतर, २००४ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, सांभाळणाऱ्या लोकांनी ही पद्धत आणली. प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि पुढे नाव-ईमेल, एवढी एक ओळ. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं लिहिणारा त्यातून सांगतो. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या कमिट कमांडला छोट्या ‘एस’चा पर्याय दिला की ती ओळ आपोआप पडते. वेगळी सही लागत नाही.

दुसरी वाट सीएलएची (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट), म्हणजे कोड देणाऱ्याशी रीतसर कराराची. यात कंपनीला जास्त हक्क मिळतात. तोच कोड दुसऱ्या लायसन्सखाली देता येतो, व्यावसायिक आवृत्तीत घालता येतो. जीपीएल हे खुलं लायसन्स आणि विकतचं लायसन्स असं दुहेरी मॉडेल असेल तर सीएलएशिवाय भागत नाही. पण लोक त्याकडे संशयाने बघतात आणि त्याला कारण आहे. इलास्टिक या सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आपलं खुलं लायसन्स बदलून कडक केलं, दोघांकडे सीएलए होता. त्यातूनच ओपनसर्च आणि ओपनटोफू हे फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून निघालेले वेगळे प्रकल्प, उभे राहिले. गिटलॅबने २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला.

माझं मत स्पष्ट आहे: दुहेरी लायसन्स खरोखर विकत असाल तरच सीएलए घ्या. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेऊ नका.

सीएलए घेणारच असाल तर परदेशी नमुना डोळे झाकून उतरवू नका. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कलम ३०अ मुळे हेच परवान्यालाही लागू होतं. म्हणून कायमस्वरूपी, जगभरासाठी आणि न वापरल्यानेही न संपणारा, हे शब्द करारात हवेतच. मसुदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

आणखी एक अडचण नोकरदारांची. नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, त्यांच्या कंपनीचा असतो (कलम १७). कुणी ऑफिसच्या ईमेलवरून कमिट पाठवला असेल तर कंपनीची परवानगी आहे ना, हे विचारा. विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही.

३. कॉन्ट्रिब्युटिंग फाइल

बदल पाठवणाऱ्यांसाठीच्या सूचनांची ही फाइल एका पानात बसवा. प्रकल्प कसा चालवायचा, टेस्ट कशा, काय घेतो, काय घेत नाही, उत्तर किती दिवसांत. मोठ्या बदलाआधी इश्यू (चर्चेची नोंद) उघडून बोला, ही ओळ सगळ्यात वर.

४. रिक्वेस्ट आल्यावर

पहिलं उत्तर दोन-तीन दिवसांत द्या, रिव्ह्यू नंतर झाला तरी चालेल. ‘बघितलं, पुढच्या आठवड्यात अमुक जण तपासेल’ एवढंही पुरतं. कंपनीच्या स्प्रिंटमध्ये (ठरावीक दिवसांच्या कामाच्या आखणीत) या कामाला वेळ राखला नाही तर ते कधीच होत नाही. म्हणून आठवड्याला एका माणसाची पाळी लावा.

टेस्ट आपोआप सुरू होण्याआधी कोड एकदा डोळ्यांखालून घाला. बाहेरच्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालणार असतो. गिटहबवर ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ नावाचा ट्रिगर (काम आपोआप सुरू करणारी सोय) आहे, त्यात रेपोतल्या (कोडच्या साठ्यातल्या) गुप्त किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारख्या गोष्टी, उपलब्ध असतात. त्यातून सुरू होणाऱ्या वर्कफ्लोत (आपोआप होणाऱ्या कामात) बाहेरचा कोड चालवला तर किल्ल्या गेल्याच म्हणून समजा.

मग रिव्ह्यू. कोड चालतो का, हा अर्धाच प्रश्न. पाठवणारा महिन्याभराने दिसणार नाही, तेव्हा हा कोड आपल्यापैकी कोण सांभाळेल? नाव सुचत नसेल तर घेऊ नका.

५. नकार

गप्प बसून रिक्वेस्ट कुजवणं हा सगळ्यात वाईट नकार. बिलिंग सॉफ्टवेअरला कुणी एक्सेल निर्यातीचा कोड आणि सोबत तारखेची एक दुरुस्ती पाठवली, असं धरू:

‘धन्यवाद. कोड नीट आहे, टेस्टही चालल्या. तरी हा आम्ही घेत नाही, कारण मुख्य कोडमध्ये घेतला तर त्यासाठी लागणारी एक्सेलची लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रत्येक आवृत्तीत सांभाळावी लागेल. प्लगइन करायची तयारी असेल तर कुठे जोडायचं ते दाखवतो. तारखेची तुमची दुरुस्ती मात्र हवी आहे, ती वेगळी पाठवाल का?’

कारण खरं दिलं, पुढची वाट दाखवली आणि चांगला तुकडा मागून घेतला.

६. श्रेय आणि चाव्या

काही कंपन्या आतल्या रेपोत काम करून बाहेरची प्रत ताजी करतात. त्यात मूळ लेखकाचं नाव पुसलं जातं आणि कमिट कंपनीच्या बॉटच्या नावावर दिसतो. हे होऊ देऊ नका. गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा ही दोन वेगळी नावं राहतात, लेखकाचं तसंच ठेवा. रिलीज नोट्समध्येही नाव द्या.

सातत्याने चांगलं काम करणाऱ्याला रिव्ह्यूचा, मग मर्जचा (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचा) अधिकार द्यावा, पण टप्प्याटप्प्याने. मार्च २०२४ मध्ये उघड झालेला, एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचा प्रकार आठवा. सुमारे दोन वर्षं इमानदारीने पॅच पाठवून विश्वास कमावलेल्या मेंटेनरनेच (प्रकल्प सांभाळणाऱ्यानेच) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. तिचा एक भाग टेस्टच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाइलींत दडवला होता, तर ती चालू करणारी स्क्रिप्ट रेपोत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठीच्या गठ्ठ्यात) होती. म्हणून मर्जला दोन जणांची संमती लावा, बायनरी फाइल आली तर ती कशी तयार केली ते मागा आणि रिलीज कुणाच्या लॅपटॉपवरून न करता थेट रेपोतल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) बिल्ड सर्व्हरवरच होऊ द्या.