कंपवाताच्या रुग्णांतील मेंदूच्या जोडण्या अभ्यासताना: बडोद्यातील अनुभव

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर मी मेंदूच्या एमआरआय प्रतिमांच्या विश्लेषणाकडे वळलो, त्याचे कारण घरातच होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी थोरल्या काकांना पार्किन्सनचा आजार, म्हणजेच कंपवात, होता आणि सकाळची गोळी लागू पडेपर्यंत सदऱ्याची गुंडी लावताना त्यांची होणारी धडपड मी रोज पाहत होतो. या विषयात आता येऊ पाहणाऱ्यांनी माझ्या चुका पुन्हा करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

या आजारात मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि त्याचा फटका प्रथम पुटामेनच्या, म्हणजे मेंदूच्या खोलातल्या हालचालींशी संबंधित भागाच्या, मागच्या बाजूला बसतो. मेंदूचे दोन भाग स्वस्थ पडून असतानाही एकाच लयीत कमी-अधिक सक्रिय होत असतील, तर त्यांच्यात कार्यात्मक जोडणी आहे असे मानतात; हे 1995 मध्ये संशोधक भारत बिस्वाल यांनी हालचालींशी संबंधित भागांवर दाखवून दिले. नवा विद्यार्थी गृहीत धरतो की आजारात सगळ्या जोडण्या कमकुवतच होणार. तसे होत नाही. 2010 मध्ये हेल्मिक या संशोधकाला आणि सहकाऱ्यांना रुग्णांत मागच्या पुटामेनची पॅरायटल कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पृष्ठभागाच्या) खालच्या भागाशी असलेली जोडणी घटलेली, तर पुढच्या पुटामेनची त्याच भागाशी असलेली जोडणी वाढलेली आढळली. ही वाढ म्हणजे मेंदूने केलेली भरपाई आहे की आजाराचाच परिणाम, हा प्रश्न मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

माझी पहिली मोठी चूक डोक्याच्या हालचालीची होती. रुग्णांच्या गटात लांब अंतरावरच्या जोडण्या घटलेल्या आणि जवळच्या वाढलेल्या दिसल्या, तेव्हा मला अत्यानंद झाला आणि मी दोन आठवडे त्यावरच आलेख काढत बसलो. नंतर लक्षात आले की स्कॅनरमध्ये डोके किंचित हलले तरी नेमका असाच नमुना उमटतो, आणि ही गोष्ट 2012 मध्येच प्रसिद्ध झाली होती. कंपवाताचा रुग्ण निरोगी समवयस्कापेक्षा अधिक हलणे स्वाभाविकच आहे, त्यामुळे दोन गटांतला फरक आजाराचा की हालचालीचा, हे आकडे आपणहून सांगत नाहीत. त्यातच विश्रांतीतला कंप सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होतो आणि आमची प्रतिमा दर 2 सेकंदांनी घेतली जात होती. इतक्या संथ मोजणीत जलद कंप आपल्या खऱ्या रूपात दिसतच नाही, तो मंद लहरीचे सोंग घेऊन आपल्या संकेतात मिसळतो. हालचाल वजा करून पाहिल्यावर माझ्या निष्कर्षातला बराचसा भाग उरला नाही. तेव्हापासून प्रत्येक व्यक्तीचा हालचालीचा आलेख पाहिल्याशिवाय मी जोडण्यांचा नकाशा उघडत नाही.

दुसरी गोष्ट औषधाची. लेव्होडोपा या, मेंदूत डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या, नेहमीच्या औषधाने स्वतःच जोडण्या बदलतात, म्हणून बहुतेक अभ्यासांत रुग्णाचे औषध रात्रभर, साधारण 12 तास, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून स्कॅन करतात. ‘छेल्ली गोळी क्यारे लीधी?’ (शेवटची गोळी कधी घेतली?) हा प्रश्न मी रुग्णांना गुजरातीत आणि मराठी घरांतल्या आजी-आजोबांना मराठीत विचारायला शिकलो, कारण नोंदवहीतली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत कधीकधी तासांचे अंतर निघे. दिवसा झोप येणे हेही या आजाराचे लक्षण असल्यामुळे रुग्ण स्कॅनरमध्ये डुलकी घेतो, आणि झोपेत जोडण्या पुन्हा वेगळ्या होतात. डोळे उघडे ठेवा असे सांगणे आणि स्कॅननंतर झोप लागली होती का हे विचारून लिहून ठेवणे, एवढे तरी करावेच.

संख्याशास्त्र कच्चे ठेवून इथे येऊ नये. मेंदूचे 116 भाग पाडले, तर जोड्या होतात 6670. प्रत्येक जोडीची 5 टक्क्यांच्या पातळीवर चाचणी घेतली, तर काहीही फरक नसताना सरासरी सुमारे 333 जोड्या केवळ योगायोगाने ‘बदललेल्या’ दिसतील. पायथन ही संगणकभाषा आणि रेषीय बीजगणित सहा महिन्यांत जमते. सरावासाठी 2010 पासून चालू असलेल्या पीपीएमआय (पार्किन्सन्स प्रोग्रेशन मार्कर्स इनिशिएटिव्ह) या कंपवातावरील आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाची माहिती रीतसर अर्ज करून मिळते. मात्र संगणकाआधी चेताविकारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात परवानगी घेऊन महिनाभर बसावे, असे मी आग्रहाने सांगेन. पाय जमिनीला चिकटल्यासारखा होऊन उंबरठ्यावर थबकलेला माणूस पाहिला, म्हणजे कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे कळू लागते.

स्कॅन झाल्यावर नातेवाईक हमखास विचारतात, ‘बाबांच्या मेंदूत काय दिसलं?’ आपले निष्कर्ष गटाच्या सरासरीचे असतात. त्यांवरून एका माणसाचा आजार किती वाढेल ते सांगता येत नाही. हे मी आता संमतिपत्रावर सही होण्याआधीच, रुग्णासमोर बसून, त्यांच्या भाषेत सांगतो, आणि त्यानंतरही ते तयार असतील तरच पुढची तारीख देतो.