स्वॅलो बॉडीची ऑस्टिन सेव्हन बघायला जाताय? निघायच्या आधी हे वाचा

बर्मिंगहॅमला राहायला आल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की जुनी छोटी ऑस्टिन घ्यायचीय, बघायला जाताना काय न्यायचं, काय तपासायचं. परवा लेस्टरहून आपल्या एका मित्राचा फोन आला, त्याला तर साधी ऑस्टिन सेव्हन नाही, तिच्यावर स्वॅलो या दुसऱ्या कंपनीची बॉडी चढवलेली मिळतेय आणि रविवारी बघायला जायचंय. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, अजून कोणाच्या कामाला येईल.

पहिलं म्हणजे घरातूनच ठरवून निघा की इंजिन शेवटी बघायचं. आपला हात आधी बॉनेटकडे जातो, मालकही तेच उघडून दाखवतो, पण सेव्हनमध्ये काळजी इंजिनाची नसते. १९२२ ते १९३९ या काळात ऑस्टिनच्या लाँगब्रिजच्या कारखान्यातून जवळजवळ २,९०,००० गाड्या बाहेर पडल्या, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळ्याचे पार्ट आजही मिळतात, क्रँकशाफ्टसुद्धा नवा बनवून मिळतो. बॉडी मात्र मिळत नाही. स्वॅलोची बॉडी म्हणजे ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, लाकूड गेलं असेल तर पत्रा सगळा उतरवून सांगाडा नव्याने घडवावा लागतो, असं काम करणारे कारागीर मोजके आणि त्यांचे तास महाग. इंजिन नवं करायला जे लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे तिथे जातात.

आता कागद. ते जायच्या आधीच फोटो काढून मागवून घ्या आणि शांतपणे वाचा. कारण समजून घ्या म्हणजे काय शोधायचं ते कळेल. पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि लगेच नंतर इंग्लंडमध्ये सायकलकारचं पेव फुटलं होतं, मोटारसायकलचं दोन सिलिंडरचं इंजिन, पट्टा नाहीतर चेन, हलका सांगाडा, गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश यांची जीएन किंवा मॉर्गनची तीनचाकी ही त्यातली नावाजलेली नावं. १९२१ पासून हॉर्सपॉवरमागे एक पौंड टॅक्स लागायला लागला तेव्हा छोट्या गाडीला अजूनच भाव आला. मग हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला घरी बोलावून बिलियर्डच्या खोलीत बसून सेव्हन काढली, तेवढ्याच जागेत चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, खरीखुरी मोटार, आणि बहुतेक सायकलकारवाल्यांचं दुकान त्यानंतर काही वर्षांत बंद झालं. सेव्हनची नुसती चासीही, म्हणजे बॉडीशिवायचा खालचा लोखंडी सांगाडा, मिळायची, तिच्यावर वेगवेगळे लोक आपापली बॉडी चढवायचे. ब्लॅकपूलला साइडकार बनवणारे विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्स्ली यांनी १९२७ मध्ये १७५ पौंडाला स्वॅलो काढली, गोलसर नाक, दोन रंग, समोर उभं राहिलं की जीव लागतोच. १९२८ मध्ये ते कॉव्हेंट्रीला गेले आणि पुढे त्याचंच जॅग्वार झालं.

म्हणून स्वॅलोला किंमत येते, आणि किंमत येते म्हणूनच कागद तपासायचे. पन्नासच्या दशकात हजारो सेव्हनच्या कुजलेल्या बॉड्या काढून फेकल्या गेल्या, पोरांनी चासीवर घरगुती स्पेशल बनवल्या, लोटस कंपनी काढणारे कॉलिन चॅपमन यांची पहिली लोटससुद्धा १९४८ मध्ये जुन्या सेव्हनवरच झाली होती, तेव्हा एका गाडीची बॉडी दुसऱ्या चासीवर गेलेली असणं यात नवल काहीच नाही. ते वाईट आहे असंही मी म्हणत नाही, पण मग किंमत तशी सांगायला हवी. जुनं पिवळट लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, आहे का, त्यावरचा चासी नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर एक आहे का, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आहे का, ते विचारा. फोटो असेल तर सोन्याहून पिवळं.

पिशवीत काय काय घ्यायचं ते आता. मोजायची टेप घ्या, आणि तिचं काम सगळ्यात सोपं आहे, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. १९३१ च्या शेवटापर्यंतची चासी असेल तर ६ फूट ३ इंच यायला पाहिजे, त्यानंतरची असेल तर ६ फूट ९ इंच. कोणी १९२९ ची स्वॅलो म्हणून दाखवतोय आणि टेप ६ फूट ९ म्हणतेय, तर चासी त्या सालची नाही, तिथेच थांबून विचारायचं. लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. पत्रा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे बॉडीच्या पॅनलला ते चिकटता कामा नये, मध्येच कुठे चिकटलं तर तिथे कधीतरी लोखंडी पत्र्याचं ठिगळ लावलंय. पण ॲल्युमिनियमवर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, चुंबकाला कळत नाही, त्यासाठी बोटाच्या पेराने वाजवत जायचं, आपण बाजारात माठ घेताना वाजवून बघतो ना अगदी तसंच, मोकळा पत्रा खणखणतो आणि लांबी भरलेली जागा बद्द वाजते. मागची गोल शेपटी आणि दाराखालचा भाग नीट वाजवा. टॉर्च, आणि जमिनीवर आडवं पडायला जुनी सतरंजी घ्या, सतरंजी विसरलात तर ओल्या काँक्रीटवर पडायचा कंटाळा करून खालून बघायचंच राहतं. एक बारीक टोच्या घ्या, पण मालकाला विचारूनच वापरा.

टोच्याचं महत्त्व मला चार वर्षांपूर्वी कळलं. वेल्सच्या सीमेजवळ एक गाडी बघायला गेलो होतो, दोन्ही रंग ताजे, इंजिन पुढून हँडल फिरवल्यावर पहिल्याच झटक्यात सुरू, मालक बोलायला गोड. मी आणि माझा मित्र तासभर इंजिनाचं कौतुक करत बसलो आणि त्याने तिथल्या तिथे पैसे दिले. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर ते बिजागरीसकट दोन बोटं खाली आलं. आतलं कापड सोडवून बघितलं तर दाराचा खांब वरून रंगवलेला आणि आतून निव्वळ भुसा, नखाने खरवडला तरी पडत होता. ती गाडी पुढची दोन वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये सुटी सुटी पडून होती. म्हणून सांगतो, दार अर्धं उघडायचं, खालून हाताने हलकंच वर उचलायचं, दार बिजागरीत हललं तर पिनांचं काम आहे, ते किरकोळ. पण दाराबरोबर खांबच हलला तर लाकूड गेलंय. मग सीट काढून जमिनीच्या फळ्यांखाली, सीटच्या मागे, काचेखालच्या पट्टीत, जिथे जिथे पाणी साचेल तिथे टोच्या टेकवायचा. चांगलं ॲश टोच्याला आत येऊ देत नाही.

मग सतरंजी टाकून खाली जा. चासी इंग्रजी ए अक्षरासारखी, नाकाशी निमुळती आणि मागे रुंद, आणि मागच्या ॲक्सलच्या अलीकडेच संपते. पुढे एकच आडवा पाटा (स्प्रिंग), मागे दोन्ही बाजूंना पाव पाटे, म्हणजे एका टोकाला चासीत बसवलेले आखूड पाटे, चासीतून बाहेर आलेले. पुढच्या नाकाशी आणि मागच्या पाट्यांच्या मुळाशी भेगा किंवा वेल्डिंगचे डाग दिसतात का ते टॉर्च मारून बघा. पुढचं चाक वर-खाली धरून हलवा, किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या पिनेवर वळतं तिचा, ढिलेपणा तिथेच कळतो.

चालवून बघायला पातळ तळव्याचे, अरुंद बूट घाला, स्पोर्ट्स शूज घालून गेलात तर दोन पेडल एकदम दाबली जातील. क्लचचा प्रवास अगदी एवढुसा आहे, टाच जमिनीवर टेकवून फक्त पंजा सोडायचा, नाहीतर गाडी उडी मारून बंद पडते, त्यात बिघाड नाही, सवय लागते. १९३० च्या आधीच्या गाड्यांत पाय मागच्या ब्रेकला आणि हात पुढच्या ब्रेकला जोडलेला असायचा, कुठली पद्धत आहे ते बसायच्या आधी विचारून घ्या, आणि काही झालं तरी आजच्या गाडीसारखी थांबेल असं धरून पुढच्याच्या जवळ जाऊ नका.

आणि आता इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका, गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून बघा थंड आहे ना. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती आवळू नका, उलटा झटका बसला तर मनगट जातं. ७४७ सीसीचं इंजिन, १९३६ पर्यंत क्रँकला दोनच बेअरिंग, ऑइल जेटमधून क्रँकवर उडतं, त्यामुळे इंजिन गरम झाल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा दोन-चार पौंडावर (दर चौरस इंचाला) आला तरी घाबरू नका. बऱ्याच गाड्यांना काटा नसतोच, डॅशबोर्डवर बटण असतं, ऑइलचा दाब चढला की ते बाहेर येतं, बोट लावून बघायचं. खालून जड ठोका ऐकू आला तर किंमत कमी करून घ्यायची, गाडी सोडायची नाही. लाकूड गेलेलं असेल तर सोडायची.

डबा आणि थर्मास बरोबर ठेवा, या गाड्या नेहमी कुठल्यातरी आडगावच्या शेडमध्ये असतात आणि नीट बघायला तीन तास लागतात. आगाऊ रक्कम दिलीत तर पावतीवर चासी नंबर लिहून घ्या. लेस्टरच्या मित्राबरोबर रविवारी मी जातोय, लोहचुंबक माझं आहेच, त्याला फक्त सतरंजी आणायला सांगितलीय.